सिमावबाबा, कात्रीनचा गडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, असं मध्येच विचारायचं नाही. देवळामागच्या त्या म्हाताऱ्या चिंचेला विचारलंत तर तीही म्हणेल, बाबांनो, मी तेव्हा चिंचोका होते. तर तेव्हाची. पाय पसरून बसा, भात शिजायला अजून वेळ आहे. आणि ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याने पुढचं आधी सांगून टाकायचं नाही. मागच्या वर्षी एकाने सांगितलं, त्याला मी उठवून वाटण वाटायला पाठवलं होतं.

तर सात समुद्रांपलीकडे, फिरंग्यांच्या मुलखात, एक मोठा सरदार होता. त्याच्या वाड्याला इतक्या खिडक्या होत्या की सकाळी उघडायला सुरुवात केली की शेवटची उघडेपर्यंत पहिली बंद करायची वेळ व्हायची. त्याला दोन मुलगे. थोरला सरदारकी सांभाळायला आणि धाकटा लाड करून घ्यायला. धाकट्याचं नाव दोम दुआर्त. दोम म्हणजे आपल्याकडे राव म्हणतात तसं. त्याच्या डाव्या जोड्याला एक नोकर आणि उजव्या जोड्याला दुसरा. त्या दोघांचं आपसात पटायचं नाही, म्हणून दुआर्त बिचारा कितीदा एकाच पायात जोडा घालून दुपारपर्यंत बसून राहायचा, असं म्हणतात. स्वतःच्या हाताने जोडा घालता येतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एकदा काय झालं, त्यांच्या गावात आग लागली. गवताची घरं, वाऱ्याचा दिवस. सगळं गाव धावलं. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागली आणि हातातून हातात बादल्या जाऊ लागल्या. दुआर्तही धावला. मन चांगलं हो त्याचं! रांगेत उभा राहिला, पण बादली धरावी कशी ते कळेना. पहिली त्याच्या हातून सांडली, दुसरी त्याच्या पायावर पडली. तेव्हा शेजारची एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाजूला हो बाळा, मध्ये येतोस."

रागाने नाही म्हणाली, मायेनेच म्हणाली. पण ते त्याच्या काळजात रुतलं. वीस वर्षांचा घोडा मी, आणि जगात माझा उपयोग काय, तर मध्ये येण्याचा! आग विझली, पण याच्या आतली काही विझेना. तिसऱ्या दिवशी त्याने अंगावरची मखमल उतरवली, तपकिरी झगा घातला, कमरेला दोर बांधला आणि अनवाणी संन्याशांच्या मठात जाऊन दार वाजवलं. जोडे वाड्यातच राहिले. ते दोघे नोकर ढसाढसा रडले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, असं म्हणतात.

मठात त्याला नवं नाव मिळालं, फ्राय सिमाव. फ्राय म्हणजे बंधू. मठाच्या थोरल्या पाद्रींनी विचारलं, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, जन्मभर सगळ्यांनी माझं केलं, आता मला कुणाचं तरी करायचं आहे. थोरले पाद्री हसले. म्हणाले, इथे तुझ्या बापाला सगळे ओळखतात, इथे तुला कुणी काही करू द्यायचं नाही. लांब जा. आणि त्यांनी त्याला गलबतावर चढवून दिलं. वाटेत वादळ आलं की सिमाव हात वर करायचा आणि समुद्र मांजरासारखा पायाशी बसायचा, असं म्हणतात. मला विचाराल तर त्याला सहा महिने उलट्या झाल्या असतील. पण म्हणतात तसं सांगतो.

असा तो आपल्या मोगरखारला आला. तेव्हाही आपलं गाव असंच होतं, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये गोड्या पाण्याचं हे आपलं बावखल, म्हणजे तळंच म्हणा. बावखलाच्या काठाने रहाट, रहाटाला मातीची गाडगी, गाडगी ओढायला गोल गोल फिरणारे रेडे, आणि भोवती पानमळे. चारी बाजूंनी खारट आणि मधोमध गोड. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय!

आता गंमत ऐका. तो काही बोलायच्या आधीच खलाशांनी गावात सांगून टाकलं की हा सरदाराचा मुलगा आहे. झालं! आपल्या माणसांना मान द्यायला कुणी शिकवायला नको. त्याच्यासाठी खुर्ची आली. खुर्चीवर छत्री आली. त्याने झाडू उचलला की तीन बायका धावायच्या आणि हिसकावून घ्यायच्या. तो पाणी भरायला गेला की बाप्ये आडवे पडायचे, "नको पाद्रीबाबा, आम्हाला पाप लागेल!" सकाळी एका घरची केळी, दुपारी दुसऱ्या घरची कोलंबी, संध्याकाळी तिसऱ्या घरच्या पोळ्या. समुद्र ओलांडून बिचारा सेवा करायला आला आणि दोन महिन्यांत जाडा झाला. झग्याचा दोर पुरेना. एके दिवशी तो छत्रीखालून हळूच उठला आणि पळाला. खरंच सांगतो, पळाला! मळ्यामळ्यांतून, वाट फुटेल तिकडे.

पळता पळता तो गावाच्या टोकाला कात्रीनच्या पानमळ्यात शिरला. कात्रीन पन्नाशीची बाई. नवरा पावसाळ्याच्या तोंडावर तापाने गेलेला, मूल नाही, बाळ नाही. मागे राहिला एक पानमळा आणि बादशा नावाचा रेडा. मळ्यातली वेल न् वेल नवऱ्याने स्वतःच्या हाताने पांगाऱ्यावर चढवलेली. वेलींना रोज पाणी लागतं, आणि बादशा त्या दिवशी रुसून मध्येच बसलेला. म्हणून कात्रीन स्वतः रहाटाच्या दांडीला छाती लावून रेटत होती. घामाने निथळत होती आणि तोंडाने बादशाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू होता. समोर दाढीवाला उभा राहिला, तशी ती त्याच्यावरच खेकसली, "बघतोस काय मेल्या? धर की!"

सिमावच्या डोळ्यांत पाणी आलं, असं म्हणतात. या मुलखात पाय ठेवल्यापासून त्याला कुणी काम सांगितलं, ते हे पहिलंच.

संध्याकाळपर्यंत त्याने दांडी रेटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. गावातल्या बायका कात्रीनकडे धावत गेल्या. "अगं, काय केलंस हे! तो सरदाराचा मुलगा!" कात्रीन म्हणाली, "असेल त्याच्या घरी. माझ्या वेलींना काय त्याचं? त्यांना पाणी लागतं." आणि सिमावला म्हणाली, "ऐकलंस का रे सरदारा, उद्या येताना जरा लवकर ये."

तो रोज येऊ लागला. गोठ्याच्या पडवीत झोपू लागला आणि कात्रीनच्या हातची पेज पिऊ लागला. काम म्हणाल तर, देवा रे! पहिल्या महिन्यात त्याने अकरा गाडगी फोडली. वेल पांगाऱ्याला बांधायची तर स्वतःची दाढी पांगाऱ्याला बांधून बसला. बादशाला हाकायला गेला तर बादशानेच त्याला खाडीपर्यंत हाकलत नेला. कात्रीन शिव्या द्यायची आणि तो हसायचा. "माय, आज कालच्यापेक्षा एक गाडगं कमी फुटलं," म्हणायचा. तळहाताला पहिला घट्टा पडला, तेव्हा गावभर फिरून दाखवून आला. बाईने पाटल्या दाखवाव्यात तसा! पोरं मागून हसायची, आणि तो वळून त्यांनाही दाखवायचा.

आणि हळूहळू तो शिकला. असा शिकला की त्याने हात लावलेली वेल रातोरात वीतभर वाढायची, असं म्हणतात. त्याच्या पाटातलं पाणी चढणीवरही चढायचं, असंही म्हणतात. कात्रीन मात्र म्हणायची, बरा आहे, अजून शिकेल.

पण सुख कुणाला बघवतं? गावचा पाटील होता बस्त्याव. माणूस वाईट नव्हता हो, पण कायदा त्याचा फार लाडका. आपल्या सोयीचा असेल तो कायदा, आणि गैरसोयीचा असेल तो रिवाज! कात्रीनच्या मळ्याला लागून त्याचा मळा. नवरा गेल्या दिवसापासून त्याचा त्या मळ्यावर डोळा होता.

आता बावखलाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, पण परक्या माणसांसाठी सांगतो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की सगळं गाव मिळून गाळ काढतं. प्रत्येक घराचा एक हात. ज्या घराचा हात गाळाला लागला, त्या घराला वर्षभर पाण्याची पाळी. तेव्हा नियम फार कडक होता. पहिल्या पाटीपासून झरे मोकळे होऊन पाणी लागेपर्यंत, रोज, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, घराचा हात खालीच पाहिजे. भाकरीसुद्धा दोराने खाली सोडायची. दिवसात एकदा जरी हात काठावर आला, तरी त्या घराची पाळी गेली. पाळी गेली की मळा सुकतो, आणि सुकलेला मळा जायचा पाटलाच्या ताब्यात. आणि खाली उतरायचं पुरुषाने, बाईने फक्त काठावर पाट्या झेलायच्या. कुणी केला हा रिवाज? पुरुषांनीच, आणखी कुणी!

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. बावखलात उरला होता नुसता चिखल. आजूबाजूच्या गावांच्या विहिरी खारट झाल्या होत्या. एक महिना पाणी चुकलं तर पानवेल संपलीच. कात्रीनच्या घरी पुरुष नाही, म्हणजे हात नाही, म्हणजे पाळी नाही, म्हणजे मळा नाही. पाटील मनातल्या मनात कुंपण घालायलाही लागला होता.

सभेत सिमाव उभा राहिला. म्हणाला, "कात्रीनच्या घरचा हात मी."

पाटील म्हणाला, "पाद्रीबाबा, तुम्ही थोर माणूस. पण तुम्ही तिच्या घरचे कसे?"

म्हातारे म्हणाले, "बस्त्याव, तुझ्या घरचा हात म्हणून तरी कोण उतरतो? तुझा गडीच ना? मग तिचा गडी का नको?"

पाटील विचारात पडला. मग त्याला सुचली अक्कल. जास्तीची अक्कल नेहमी अशा वेळीच सुचते. ऐटीत म्हणाला, "मग कायदा स्वच्छच करून टाकू. पगारी गडी चालणार नाही. जो त्या घरचं खातो, त्या घरी झोपतो आणि मोबदला म्हणून एक कवडी घेत नाही, तोच घरचा. बोला!" त्याला वाटलं, फुकट राबणारा गडी जगात आहे कुठे?

सगळं गाव सिमावकडे बघायला लागलं. पैशाला शिवायचं नाही, अशी त्याने देवापुढे शपथ घेतलेली. कात्रीनची पेज खायची, कात्रीनच्या पडवीत झोपायचं, आणि मोबदल्यात मिळायच्या त्या शिव्या. मग गाव हळूहळू पाटलाकडे वळलं. त्याचे चारही गडी पगारी. घरात तीन मुली. म्हणजे आता खाली उतरणार कोण? पाटलाचं तोंड उतरलं, आणि पाठोपाठ पाटीलही उतरला. आपणच खणलेल्या खड्ड्यात पडणं म्हणतात ते हेच.

गाळ सुरू झाला. पाटलाने जन्मात कुदळ धरलेली नव्हती. पहिल्या दिवशी त्याला पाटी उचलेना. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. तिसऱ्या दिवशी तो गाळात बसला तो उठेचना. रडवेला झाला. काठावर गेला तर पाळी जाते, आणि खाली राहिला तर जीव जातो. कुणी त्याच्याकडे बघेना. सिमावने स्वतःची पाटी डोक्यावर घेतली, पाटलाची कमरेवर घेतली आणि चालायला लागला. तेव्हापासून रोज दोन पाट्या. वरून कात्रीन ओरडायची, "त्याची कशाला उचलतोस रे? तो माझा मळा गिळायला बसलाय!" सिमाव म्हणायचा, "माय, गाळ कुठे कुणाच्या एकट्याचा असतो?" ती म्हणायची, "शहाणा आहेस!" आणि भाकरीवर लोणचं जास्त ठेवून खाली सोडायची.

नववा दिवस उजाडला. झऱ्याच्या तोंडाशी दगड लागला होता. संध्याकाळपर्यंत पाणी लागणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. आणि दुपारी ढोल वाजले.

खाडीपलीकडच्या किल्ल्यावरून एक कप्तान आला. सोबत दुभाषी, बारा शिपाई आणि लाल मखमलीची पालखी. विलायतेहून गलबताने पत्र आलं होतं. थोरला भाऊ वारला, मागे मूल नाही, सरदारकी रिकामी पडली आहे, दोम दुआर्तला असेल तिथून उचला आणि घरी पाठवा. राजाचाच हुकूम तो. कप्तानाने दुआर्तला जन्मात पाहिलेलं नव्हतं. तो बावखलाच्या काठावर आला आणि खाली वाकून बघतो तो काय! शंभर माणसं, आणि शंभरही नखशिखान्त गाळाने माखलेली. कोण काळा, कोण गोरा, कोण तरुण, कोण म्हातारा, काही कळायला मार्ग नाही. सगळ्यांच्या दाढ्या चिखलाच्या. देवाला तरी त्या दिवशी ओळखू आले असते की नाही, शंका आहे.

दुभाष्याने विचारलं, "तुमच्यात सरदाराचा मुलगा कोण?"

कुणी बोलेना. गावाला सगळं कळलं होतं. सिमाव आत्ता काठावर आला तर नऊ दिवस पाण्यात, आणि कात्रीनचा मळा गेला. काठावर कात्रीन उभी होती. तिची मान खाली होती. नवऱ्याने लावलेल्या वेली तिच्या डोळ्यांसमोर होत्या. जाऊ नको असं ती म्हणाली नाही. त्याचा थोरला भाऊ गेला, आणि घर बोलावतंय. त्याला जाऊ नको असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

कप्तान हुशार होता. म्हणजे त्याला तसं वाटत होतं. म्हणाला, "तोंड काय बघायचं? सरदाराचं रक्त हातावरून ओळखतात. सगळ्यांनी तळहात पुढे करा." पाण्याने एकेकाचा तळहात धुवायचा आणि बघायचा. शिडी लावून शिपाई खाली उतरले. हा हात दगडासारखा, तो झाडाच्या सालीसारखा. सिमावपाशी आले. दुभाष्याने विचारलं, "तू कोण?"

"कात्रीनचा गडी," सिमाव म्हणाला. आणि खरंच तर बोलला. शिपायाने त्याचा तळहात धुतला. घट्ट्यांवर घट्टे, नखं फुटलेली, एका बोटाला रहाटाच्या दांडीने चिरडल्याची खूण. शिपायाने तोंड वाकडं केलं आणि पुढे गेला.

पुढे होता पाटील. धुतला हात, आणि शिपाई ओरडलाच! मऊ, गुबगुबीत, गुलाबी हात. नऊ दिवस गाळात होता खरा, पण सहा दिवस पाटी कोण उचलत होतं? नुसते दोन फोड, तेही बरे होत आलेले. कप्तानाने काठावरून टोपी काढून मुजरा केला. चार शिपायांनी पाटलाला अलगद उचललं.

"सोडा! अरे सोडा मला! मी इथला पाटील आहे! एकेकाला बघून घेईन!" पाटील हातपाय झाडायला लागला.

कप्तान खूश झाला. "बघा, हुकूम कसे सोडतो! सरदाराचंच पोर."

आता सिमाव काय करणार? गप्प राहिला असता तर सुटला असता. मळा वाचला असता, सरदारकीची पीडाही टळली असती. पण चुकीच्या माणसाला उचलून नेताना बघत राहील तो सिमाव कसला! जागचे पाय न हलवता तो गाळातूनच ओरडला, आणि ओरडला तेही त्यांच्या फिरंगी भाषेत, "त्यांना सोडा! दोम दुआर्त म्हणत ते मला! मीच तो!"

कप्तान वळला. त्याने खाली बघितलं. गुडघाभर गाळ, अंगावर गाळ, डोक्यावर एक पाटी, कमरेवर दुसरी. आणि तो हसत सुटला. "वा! पाद्र्यांनी या गाळ उपसणाऱ्यांनाही आपली भाषा शिकवली! बाबा रे, कुणालाही सरदार व्हावंसं वाटतं. हात बघितले ना तुझे आम्ही!" आणि पालखी निघाली. आतून पाटील बोंबलतोय, बाहेर ढोल वाजतायत. खाडीच्या वळणापर्यंत त्याची बोंब ऐकू येत होती, असं म्हणतात.

काय झालं ते गावाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. पाटलाचा हात काठावर गेला होता. त्याच्याच कायद्याने त्याच्या घराची पाळी गेली होती! आधी एक हसला, मग दुसरा, मग सगळं बावखल हसून हसून गाळात लोळायला लागलं. तेवढ्यात सिमावने दगडाखाली हात घातला आणि दगड उचकटला. आतून झरा असा उसळला की सिमाव माडाएवढा उंच उडाला आणि पाण्यावर बसूनच खाली आला, असं म्हणतात. माडाएवढा उडाला की नाही ते सोडा. पण पाणी लागलं. गोड, गार पाणी. कात्रीन काठावरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मळा वाचला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटील परत आला. पायी. अंगात मखमलीचा कोट, डोक्याला पिसांची टोपी आणि पाय अनवाणी. किल्ल्यावर त्याला आंघोळ घातली, तेव्हा आतून बस्त्याव निघाला होता. पोरं मागून नाचत होती. पण पाटील हसला नाही, ओरडलाही नाही. बावखलाच्या काठावर येऊन पाण्याकडे बघत बसला. त्याच्या घराला पाळी नव्हती. तीन मुली आणि सुकणारा मळा. गावातलं कुणी काय करणार, कायदा त्याचाच होता.

कात्रीन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही त्याला सोलून काढणार. तिने विचारलं, "किल्ल्यावर विचारलं असेल ना तुला, खरा सरदार कोण ते?"

"विचारलं. दरडावून विचारलं. सांगशील तर पालखीतून परत पाठवतो म्हणाले."

"मग?"

"म्हटलं, आमच्या गावात सरदार नाही. गाळ उपसणारे आहेत नुसते."

"का रे? नाव सांगितलं असतंस तर तो गेला असता. पुढच्या वर्षी माझा मळा तुझाच होता की."

पाटलाने मान वर केली. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, "कात्रीनबाय, माझी पाटी उचलली त्याने. सहा दिवस. मला कुणी सांगितलं नव्हतं की पाटी इतकी जड असते."

कात्रीनच्या मनातला राग काही एका वाक्याने जाण्यासारखा नव्हता, आणि गेलाही नाही, ती पुढे मरेपर्यंत त्याला 'कुंपण्या' म्हणायची. पण ती सिमावकडे वळली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सरदारा, पलीकडच्या कोपऱ्यात अजून गाळ आहे. उद्या बस्त्यावच्या घरचा हात होऊन उतर. त्याच्या घरी जेव, त्याच्या पडवीत झोप. मी तुला उसना देते. आणि तू रे बस्त्याव, तूही उतरायचंस. या खेपेला तुझी पाटी तूच उचलायचीस."

म्हातारे म्हणाले, "पण कायदा?"

कात्रीन म्हणाली, "कायद्याला म्हणावं, तूही उतर!"

आणि उतरले. सिमाव उतरला, पाटील उतरला, मग कुणी न सांगता सगळं गाव उतरलं, आणि गावात सगळ्यात आधी उतरली कात्रीन, लुगडं खोचून. बाईने खाली उतरायचं नाही हा रिवाज त्या दिवशी गाळात गेला, तो अजून वर आलेला नाही. कोपरा एका दिवसात स्वच्छ झाला आणि पाटलाच्या घराला पाळी मिळाली. कप्तानाने विलायतेला काय कळवलं कोण जाणे, पुन्हा पालखी काही आली नाही.

सिमावबाबा पुढे चाळीस वर्षं जगला. दरवर्षी ज्या घराला हात नसेल त्या घरी जायचा, आणि यंदा बाबा कुणाच्या घरचा, यावरून भांडण होऊ लागलं. तो गेला त्या सकाळी गावातले सगळे रहाट रेड्यांवाचून आपोआप फिरायला लागले आणि दुपारपर्यंत फिरत राहिले, असं म्हणतात. रेडे बाजूला उभे राहून बघत होते. मोठ्या पाद्रींनी त्याला किल्ल्यातल्या देवळात संगमरवराखाली पुरायचं ठरवलं होतं. पण गावाने दिला नाही. इथेच आहे तो, बावखलाच्या काठावर, कात्रीनच्या शेजारी. दगडावर सरदारकीचं काही लिहिलेलं नाही. वाचता येणाऱ्यांनी जाऊन बघा, 'कात्रीनचा गडी' एवढंच आहे.

म्हणून आपल्याकडे पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतर गाळ निघतो, तेव्हा ज्या घराला हात नाही त्या घराला सिमावबाबाचा हात मिळतो. घरधनी आजारी असो, मुलं परदेशी असोत, की बाई एकटी असो. चिठ्ठ्या टाकतात, आणि चिठ्ठ्यांत नावं कुणाची, तर गावातून शिकून मोठे झाले त्यांचीच. ज्याचं नाव निघेल त्याने रजा काढून यायचं. पाणी लागेपर्यंत त्याने त्या घरचं खायचं, त्या घरी झोपायचं आणि एक कवडी घ्यायची नाही. कोण न्यायाधीश, कोण इंजिनियर, इथे गाळात सगळे सारखे.

खरं सांगू का? गेली तीन वर्षं माझ्या घराला हात नव्हता, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. गुडघे गेलेत माझे, पोरगा परदेशात. जन्मभर ही गोष्ट मीच सांगत आलो, पण हात मागायची वेळ आली तेव्हा मला लाज वाटली. दुखऱ्या गुडघ्यांनी तसाच उतरायचो. यंदा मात्र बावखलाच्या तिसऱ्या पायरीवरच बसलो आणि मागितला.

तो तिकडे ओसरीवर आडवा झालाय ना, कानात चिखल, तोंड उघडं, तो मोठ्या इस्पितळातला हाडांचा डॉक्टर आहे. आज चाळीस पाट्या काढल्या त्याने, आणि सात सांडल्या, मी मोजून ओरडलो. भात झाला वाटतं. त्याला लगेच उठवू नका रे, आधी त्याचं ताट वाढा, तो माझ्या घरचा आहे.